साखरामाय

साखराबाई आमच्याकडे आली तेव्हा तिच्या छातीत दूध होतं आणि कडेवर लेकरू नव्हतं. हे तिनंच मला पुढं कधीतरी भाकऱ्या थापताना सांगितलं.

उदगीरच्या ठेसनाकडून गावात येताना डाव्या हाताला इटलीच्या सिस्टरांचं अनाथाश्रमाचं घर होतं. निजामाचं राज्य होतं. लोक त्या घराला मडमीचा बंगला म्हणायचे. मला तिथं कोणी आणून सोडलं ते ठाऊक नाही. मार्था हे नाव सिस्टर लुचियांनी ठेवलेलं. सिस्टर लुचिया उंच, हाडकुळ्या आणि बोलण्यात फार घाईच्या. मराठीतली प्रत्येक वस्तू त्यांच्या तोंडी पुरुष व्हायची. 'माझा भाकरी कुठे गेला' असं त्या विचारायच्या आणि आम्ही हसलो की स्वतःही हसायच्या.

साखराबाई आली त्या साली पटकीची साथ आली होती. साखराबाई उदगीरपासून दोन कोसांवरच्या एका वाडीची. साथीत तिचा नवरा गेला आणि पाठोपाठ अंगावर पिणारा मुलगा. घरात राहिले ते दीर भुजंग आणि जाऊ केवळाबाई. दूध काही थांबेना. छाती दगडासारखी झाली, ताप भरला. वाडीतला संगप्पा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करायचा. तो बाजारच्या दिवशी केवळाबाईला म्हणाला, "ठेसनाच्या माल-गोदामाजवळ एक पोरगी घावलीय. मडमीकडं हाय. शेळीचं दूध टिकंना तिला. जाईल आजउद्या."

साखराबाईनं ते आतून ऐकलं. पदर डोक्यावर घेतला आणि संगप्पाच्या मागं चालू लागली.

सिस्टर लुचियांनी पोर तिच्या मांडीवर दिली. पोर इतकी थकली होती की तिला ओढायचंही त्राण नव्हतं. साखराबाईनं थेंब थेंब तिच्या ओठांवर पिळला. ऊन कलेपर्यंत ती तशीच बसून होती. मग पोरीनं एकदा नेट लावून ओढलं, आणि साखराबाई रडायला लागली. मूल गेल्यावर ती पहिल्यांदा रडली ती तेव्हा.

पोरीचं नाव तिनं गौरम्मा ठेवलं; आम्ही तिला गौरा म्हणायचो. सिस्टरांनी त्याला मान डोलावली.

दोन दिवसांनी भुजंग दारात आला. आत पाऊल न टाकता म्हणाला, "मडमीच्या घरचं पाणी पिलीस का न्हाई, तेवढं सांग."

"पिले."

"मग वाडीला येऊ नको."

तो गेला. सिस्टरांना सगळे शब्द कळले नसतील, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी गवंडी बोलावून लिंबाखाली साखराबाईसाठी वेगळी चूल आणि माठ ठेवायला कट्टा बांधून घेतला. साखराबाई काही दिवस तिथं शिजवून जेवली. मग आम्ही सगळीच तिच्या चुलीपुढं जाऊन बसायला लागलो, आणि कुठली चूल कुणाची हे कोणी विचारेनासं झालं. आम्ही तिला साखरामाय म्हणू लागलो.

गौरा धावायला, बोलायला लागली त्या पावसाळ्यात लढाईची बातमी आमच्या दारात आली. पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब दोन जवान घेऊन आले. माणूस सभ्य होता. टोपी काढून खाली मान घालून बोलला. इटली इंग्रजांच्या विरुद्ध लढाईत उतरली, म्हणून इटलीच्या माणसांना कैदेच्या छावणीत नेण्याचा हुकूम होता. घराला मोहर लागणार होती. मुलांना हैदराबादच्या यतीमखान्यात, म्हणजे सरकारी अनाथालयात, पाठवायचं ठरलं होतं.

साखरामायनं विचारलं, "तिथं समदी एका जागी ऱ्हातील का?"

अमीनसाहेब म्हणाले, "नाही बाई. मुलं एकीकडे, मुली एकीकडे. लहान बच्चे आणखी तिसरीकडे."

"मग मी नेते."

"तू कोण?"

"मी दूध पाजणारी."

त्यांनी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर लुचिया नुसत्या हो, हो अशी मान हलवत राहिल्या. अमीनसाहेबांनी जवानांना बाहेर थांबायला सांगितलं, आणि आम्हांला आवरायला वेळ दिला.

सिस्टरांनी त्या वेळात सामान भरलं नाही. त्या साखरामायचा हात धरून अंगणात एकेका मुलापाशी गेल्या आणि आपल्या मोडक्या मराठीत सांगत राहिल्या. हा माती खातो. ही अंधाराला भितो. ह्याचा कान वाहतो, तेल गरम घाल. ही रागावला की जेवत नाही, तू बोलू नको, जवळ बस. त्या दिवशी त्यांच्या बोलण्याला कोणी हसलं नाही. साखरामाय प्रत्येक वेळी "हाव" म्हणत होती. माझ्यापाशी आल्यावर सिस्टर म्हणाल्या, "मार्था प्रार्थना सांगेल. रोज." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून पटकन पुढं गेल्या.

संगप्पानं बैलगाडी आणली. आम्ही अकरा जणं होतो. चिखलातून गाडी वाडीच्या शिवारात पोचली तेव्हा भुजंग बांधावरच उभा होता. शेतातला आखाडा, म्हणजे गुरांचं छप्पर आणि शेजारची एक खोली, साखरामायच्या नवऱ्याच्या वाट्याचा होता.

"ही कोणाची?" भुजंगनं विचारलं.

"माझी."

"समदी?"

"समदी."

"कोणत्या जातीची हायत?"

"मी इचारली न्हाई. तुमी इचारा लेकरायला, सांगत्याल का बघा."

भुजंग बांधावरून उतरला. मग म्हणाला, "लेकरांनी हिरीला हात लावायचा न्हाई." आणि निघून गेला.

केवळाबाई सांजेला नवऱ्याची नजर चुकवून टोपलीभर भाकरी घेऊन आली. पुढं ती रोजच येत राहिली. संगप्पा मोंढ्यातून कधी ज्वारी, कधी हरभऱ्याची चुरी आणून टाकायचा. पाणी मात्र साखरामाय एकटीच शेंदायची. आम्हा सगळ्यांचं पिणं, धुणं, अंघोळ तिच्या दोन हातांवर होती. दिवेलागणीला ती आम्हांला ओळीत बसवायची. "मार्था, म्हण गं." तिला त्यातला एक शब्द यायचा नाही. पण कोणी मधेच उठलं तर डोळे वटारायची.

भादव्यात तिला हिवताप आला. दोन घोंगड्या पांघरूनही ती कुडकुडत होती. रांजण रिकामा झाला. आम्ही विहिरीपासून लांबच घागरी घेऊन उभे राहिलो, कारण हात लावायचा नाही हे आम्हांला पक्कं माहीत होतं. गौरा माझ्या बाजूला तिची छोटी लोटी धरून उभी होती. भुजंग मोटेपाशी काही करत होता. त्यानं एकदा पाहिलं, पुन्हा कामाला लागला, पुन्हा पाहिलं.

"कामून उभी हाव?"

गौरा म्हणाली, "मायला तान लागलीय."

भुजंगनं पोहरा सोडला. तिची लोटी भरली, मग आमच्या घागरी, आणि शेवटच्या दोन घागरी स्वतः उचलून आखाड्यात आणल्या. आत साखरामाय डोळे मिटून पडली होती. तो दारात जरा वेळ उभा राहिला. "वैनी," इतकंच म्हणाला. तिचा ताप उतरेपर्यंत तोच पाणी ओढत होता. ती उठल्यावर त्यानं तिला स्वतःहून सांगितलं, "थोरल्या पोरींना हिरीवर येऊ दे. तुला एकलीला झेपत न्हाई."

सुगीत आम्ही शेतातल्या राखणीच्या माळ्यावर चढून गोफणी फिरवल्या, डबे बडवले, आणि त्या वर्षी पाखरांना ज्वारीवर उतरू दिलं नाही. भुजंगनं पहिला हुरडा आम्हांला दिला.

लढाई संपल्यावर पुष्कळ दिवसांनी सिस्टर लुचिया आल्या. केस पांढरे झाले होते. आम्ही त्यांना ओळखलं, पण त्यांना आमची ओळख पटेना, इतके वाढलो होतो. त्यांनी एकेकाचं नाव विचारलं आणि प्रत्येकाला उराशी धरलं. दिवे लागल्यावर आम्ही नेहमीसारखे ओळीत बसलो. प्रार्थना ऐकताना सिस्टरांनी तोंड झाकून घेतलं.

"तू देव दुसरा मानतो," त्या साखरामायला म्हणाल्या. "मग हे रोज का?"

"तुमी सांगून गेलता ना," साखरामाय म्हणाली.

बंगला पुन्हा उघडला. भुजंग म्हणाला, "लेकरं जाऊ दे, वैनी. तू ऱ्हा. घर तुझंच हाय." साखरामायला ते ऐकून फार बरं वाटलं, तिनं तसं त्याला सांगितलंही. आणि दुसऱ्या दिवशी ती आमच्याबरोबर गाडीत बसली.

ती शेवटपर्यंत बंगल्यातच राहिली. तिनं धर्म बदलला नाही, सिस्टरांनी कधी विषय काढला नाही. निजामाचं राज्य गेलं, पुढं गौरा दवाखान्यात नर्स झाली, आणि तिचं लग्न चर्चमध्ये लागलं. भुजंग नवा फेटा बांधून पहिल्या बाकावर येऊन बसला. चर्चमध्ये पुरुषांनी डोक्यावर काही ठेवायचं नसतं, म्हणून नव्या आलेल्या फादरांनी त्याला खुणेनं फेटा काढायला सांगितलं. भुजंग गोंधळला. लेकीच्या लग्नात उघडं डोकं कसं करायचं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

म्हाताऱ्या सिस्टर लुचिया काठी टेकत उठल्या आणि फादरांपाशी जाऊन म्हणाल्या, "राहू दे. तो मुलीचा काका आहे."

साखरामायनं गौराचा पदर सारखा केला, आणि फादर पुढची प्रार्थना म्हणू लागले.