न झिजलेले दात

लॅबमध्ये त्याला सगळे मास्तर म्हणत. शिकवलं त्यानं कुणालाच नव्हतं. पण चष्मा नाकावर घसरलेला, बोलणं मोजकं आणि दुसऱ्याच्या कामात खोट काढायला सदा तयार, म्हणून मास्तर. गेली तेवीस वर्षं तो कवळ्या बनवत होता. दवाखान्यातून हिरड्यांचं माप यायचं, त्यावरून प्लॅस्टरचा साचा निघायचा, साच्यावर मास्तर मेणात एकेक दात लावायचा आणि तयार कवळी डबीत बसून परत जायची. ती कुणाच्या तोंडात गेली, तो माणूस चावतो कसा, हसतो कसा, हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. हजारो तोंडांशी त्याचा संबंध आला, पण त्यातलं एकही त्याच्याशी बोललं नव्हतं.

लग्न जमता जमता राहिलं आणि मग राहूनच गेलं. घरात तो आणि आई. आईचे दात गेले तेव्हा तिची कवळी त्यानं स्वतः केली, मालकाची कुरकुर ऐकत तीन आठवडे लावून. ती बसवून घ्यायला दवाखान्यात मात्र आई शेजारच्या मावशींबरोबर गेली, कारण मास्तरची रजा टाकायची राहून गेली. संध्याकाळी घरात पाऊल टाकताच त्यानं विचारलं, "बसली का?"

"अगदी बसली," आई म्हणाली आणि हसली. पुढचे दात एका ओळीत, सुरेख. मास्तरची छाती फुगली.

त्यानंतर सहा वर्षं आई रोज त्याच्या आधी जेवून घ्यायची. तो आला की ताट झाकलेलं असायचं. "उशिरा जेवलं की पचत नाही रे मला. तू बस, मी आहे ना समोर," असं म्हणून ती समोर बसायची आणि दिवसभराचं सगळं सांगायची. म्हातारपणाच्या तऱ्हा, असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं होतं.

आई गेली, त्यानंतर महिन्याभरानं तो तिचं सामान आवरायला बसला. कवळी पाण्याच्या वाटीत तशीच होती. सवयीनं त्यानं ती उचलली, खिडकीपाशी नेली आणि उलटी केली. सहा वर्षं चावलेले दात झिजतात; दाढांची टोकं सपाट होतात, बारीक चरे पडतात. दुरुस्तीला आलेल्यांतली एक वर्षाची कवळी कुठली आणि पाच वर्षांची कुठली, हे तो बोट फिरवून सांगायचा. या दाढांची टोकं काल बनवल्यासारखी होती. या कवळीनं एक घासही चावला नव्हता.

मग सगळंच लक्षात आलं. आई कवळी काढून, सगळं कुस्करून, एकटी जेवायची, आणि जिन्यावर त्याची पावलं वाजली की कवळी चढवायची. एका घरात सहा वर्षं दोघं एकेकटी जेवली होती. दातांतलं आपल्याला कळतं म्हणून मिरवणाऱ्या माणसाला आईच्या तोंडात एकदा डोकावावंसं वाटलं नव्हतं. त्या दिवशी तो रडला नाही. रडू चार दिवसांनी आलं, भांडी घासताना.

आणि मग, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यानं दातांचा डॉक्टर व्हायचं ठरवलं. लांबच्या गावी एकटीच राहणाऱ्या थोरल्या बहिणीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "अरे, तुझे स्वतःचे पडायला आले, आता लोकांचे कुठे बघत बसतोस?"

"बघू या, जमलं तर," तो म्हणाला. कवळीचं त्यानं तिला सांगितलं नाही. आई गेल्यापासून दोघंही एकमेकांना सोपं तेवढंच सांगत होती.

लॅब सुटली की तो क्लासला जायचा. पहिल्या दिवशी सर आले असं समजून पोरं उठून उभी राहिली. तो मागच्या बाकावर जाऊन बसला तेव्हा वर्गात खसखस पिकली. पुढे त्याच्याशी कुणी फारसं बोललं नाही. पोरं वाईट नव्हती, या माणसाशी बोलायचं काय हे त्यांना सुचत नव्हतं. डबा तो जिन्यात बसून खायचा. पहिल्या वर्षी प्रवेश परीक्षेत सपशेल आपटला. दुसऱ्या वर्षी कसाबसा काठावर तरला आणि मुलाखतीचं पत्र आलं. त्या कॉलेजात दोनदाच अर्ज करता येत होता, म्हणजे आता हुकलं की संपलं. सोबत एका दंतवैद्याचं शिफारसपत्र हवं होतं.

इतकी वर्षं ज्यांच्या चिठ्ठ्या वाचल्या, त्या डॉक्टरबाईंकडे तो गेला. आईची कवळी बसवली ती त्यांनीच. अक्षर पाठ होतं, चेहरा पहिल्यांदाच पाहत होता. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "कुठला दुखतोय?"

"दुखत नाही. तुमच्या कवळ्या मी करतो."

तरी त्याला पेशंटच्या रांगेतच बसवलं.

डॉक्टरबाईंनी पत्र आनंदानं लिहून दिलं. सही करता करता त्या थांबल्या. "तुमच्या आई यायच्या ना माझ्याकडे? खाली डावीकडे जखम झाली होती त्यांना. मी म्हटलं, कवळी जरा घासून देते, पाच मिनिटांचं काम आहे. ऐकेनात. म्हणाल्या, माझ्या मुलानं केलीय, हात लावू नका. त्याला वाईट वाटेल."

"पाच मिनिटांचं?" मास्तरनं विचारलं.

"फार तर."

पत्राची घडी करून तो बाहेर आला आणि फुटपाथवर नुसताच उभा राहिला. एवढं एकटं त्याला आई गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

मुलाखतीला टेबलापलीकडे तिघं होती. मधल्या, पिकल्या केसांच्या बाईंनी त्याचा अर्ज चाळला. "डॉक्टर होईपर्यंत तुम्ही पन्नाशीला टेकाल. एखाद्या अठरा वर्षांच्या मुलीला ही जागा दिली तर ती चाळीस वर्षं काम करेल. तुम्हाला का द्यावी?"

समाजसेवेचं एक उत्तर त्यानं घोकून आणलं होतं. त्यातला पहिला शब्दही आठवेना. त्यानं खिशातून डबी काढली आणि कवळी टेबलावर ठेवली. "ही मी केली. माझ्या आईनं सहा वर्षं घातली."

बाईंनी कवळी उचलली, उजेडाकडे धरली, उलटी केली. दाढांवरून बोट फिरवलं आणि शेजारच्यांच्या हातात दिली. तिघंही दातांतलीच माणसं, त्यांना वेगळं काही सांगावं लागलं नाही.

"मी फक्त बसली का, एवढंच विचारलं," मास्तर म्हणाला. "ती बसली म्हणाली. तुम्ही जागा दिलीत तर मी प्रत्येकाला जेवता येतं का, असं विचारीन. हो म्हणाले तरी तोंड उघडायला लावीन."

महिन्याभरानं पत्र आलं. प्रवेश मिळाला होता. दारातच उभं राहून त्यानं ते दोनदा वाचलं. घरात सांगायला कुणी नव्हतं, म्हणून बहिणीला फोन लावला. ती आधी हसली, मग तिचा आवाज भरून आला. "आता माझी कवळी तूच करायची हं," ती म्हणाली. आणि मग नेहमीचंच, "जेवलास का?"

"जेवलो."

फोन ठेवल्यावर त्याची नजर ओट्याकडे गेली. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. जेवलो हे किती सहज तोंडातून गेलं होतं, आणि तेही अगदी आईच्या सुरात. मग त्यानं पुन्हा फोन लावला.

"ताई, मी जेवलो नाहीये. तू जेवलीस?"

"हो, मघाशीच."

"काय खाल्लंस?"

"नाही रे जेवले," ती म्हणाली. "एकटीसाठी वाढून घ्यायचा कंटाळा येतो."

"मग घे वाढून. मी थांबतो."

फोन चालू ठेवून त्यानं तो ओट्यावर टेकवला आणि स्वतःचं ताट घेतलं. पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता. ती येऊन बसेपर्यंत त्यानं घास उचलला नाही.