गबाळ्याचा रोल मी सोडला

"आवाज न्हाई आला बे. परत घिऊ."

दादा असं म्हणाला आणि त्यानं हात झटकला. जसं काही मारून त्याचाच हात दुखला. माझा डावा गाल तापला होता. डोळ्यातून पाणी येत होतं. रडत नव्हतो. जोरात लागलं की पाणी आपोआप येतं.

ऊन चढायच्या आत शूट संपवायचं होतं. दादाच्या बंगल्यासमोर, लिंबाखाली. दादा खुर्चीवर, मी खाली मातीत उकिडवा. सीन साधा होता. मालक गड्याला चहा आणायला पाठवतो, गडी येता येता अर्धा चहा पिऊन टाकतो, मालक त्याच्या थोबाडीत देतो. लिहिला मीच होता.

"हळू मारा की. आवाज मागून टाकता येतोय," मी म्हणालो.

"मागून टाकलेला कळतोय लोकायला. खराच पायजे."

मग खरा आला. इतका खरा की लिंबाखाली उभे असलेले बघे खदाखदा हसले. कॅमेरा धरलेला अजहर हसला नाही. नेकनूरला त्याचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान आहे, दादा त्याला बोलावून घ्यायचा. त्यानं स्क्रीनकडं बघत विचारलं, "ओके?"

"आता कसं!" दादा म्हणाला.

मला कुणी विचारलं नाही.

मी नेकनूरकडचा. गावाचं नाव सांगत नाही, असलं गाव तुमच्याही तालुक्यात असेल. गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती. आज्याच्या काळातच आम्ही बौद्ध झालो. बी.ए. केलं. भरतीसाठी पळालो, छातीत कमी भरलो. मग बीडला मोबाईलच्या दुकानात काम धरलं. लॉकडाऊनमध्ये दुकानाचं शटर पडलं आणि मी गावात येऊन बसलो. बसल्या बसल्या फोनवर व्हिडिओ करायला लागलो. गावातली माणसं कशी बोलतात, बाजारात बाया कशा घासाघीस करतात, एसटीतला कंडक्टर कसा खेकसतो. नकला मला लहानपणापासून येतात. शाळेत मार टाळायला शिकलो होतो.

दादानं ते बघितलं. दादा म्हणजे माजी सरपंचाचा मुलगा. माझ्याच वयाचा, पण सगळे त्याला दादा म्हणतात. मीही म्हणायचो.

"तू लिहित जा. कॅमेरा मी आणतो, ड्रोन आणतो. चॅनल काढू," तो म्हणाला.

चॅनल निघालं. त्याच्या नावावर. तो मालक झाला, मी गबाळ्या झालो. फाटकी बंडी, डोक्याला फडकं, कमरेत वाकलेला, प्रत्येक वाक्याच्या शेवटी "व्हय मालक" म्हणणारा गडी. पहिल्या व्हिडिओंत थप्पड नव्हती. एकदा दादानं भरात येऊन मारली आणि नेमका तोच व्हिडिओ पळाला. मग प्रत्येक व्हिडिओत थप्पड आली. नसली की खाली कमेंटी पडायच्या. "आज प्रसाद न्हाई का?"

मला शूटची हजेरी मिळायची. वेळेवर मिळायची. आमच्या वस्तीत वेळेवर पैसे देणारं काम किती जणांकडं आहे? घरावरचे गंजके पत्रे बदलले. मायचं खुरपणीला जाणं कमी झालं. मला वाटायचं, मी कलाकार झालो.

मायकडं साधा फोन. तिला माहीत नव्हतं मी काय काम करतो ते. एक दिवस खुरपणीतल्या बायांनी तिला त्यांच्या फोनवर दाखवलं. संध्याकाळी घरी आली, हातपाय न धुता माझ्यापुढं बसली.

"एवढ्या जोरात मारतोय का रं त्यो?"

"खोटं असतंय माय. अॅक्टिंग हाय."

तिनं माझ्या गालाला बोट लावलं. "गाल तर खरा हाय की."

मी हसण्यावारी नेलं. पैसे येत होते.

नारायणगडाच्या जत्रेत आम्ही शूटिंगला गेलतो. दादा पुढाऱ्यांच्या घोळक्यात होता. मी पाण्याच्या टँकरपाशी उभा. अंगावर माझेच कपडे, पँट-शर्ट. तरी एका माणसानं ओळखलं. सोबत बायको, दोन पोरं. "आरं, गबाळ्या!" तो एवढ्या आनंदानं ओरडला की मलाही बरं वाटलं. फोटो काढला. मग त्यानं फोन बायकोच्या हातात दिला आणि मला म्हणाला,

"एक मारू का? रील करायचीय पोरायला."

मी हो-नाही म्हणायच्या आत त्यानं मारली. बोटात जाड अंगठी होती. ओठ फुटला. भोवती फोन निघाले. "आजून एक, आजून एक," कुणीतरी म्हणालं.

आणि मी काय केलं? कमरेत वाकलो. तोंड वाकडं केलं. "व्हय मालक" म्हणालो.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो माणूस वाईट नव्हता. जाताना माझ्या खांद्यावर थोपटून गेला. माझं नाव त्याला माहीत नव्हतं, कारण ते चॅनलवर कुठंच नव्हतं. त्याच्या लेखी माझा गाल म्हणजे देवळातली घंटा. येईल त्यानं वाजवून जावं. टँकरच्या मागं जाऊन मी तोंडातलं रक्त थुंकलं. मी पँट-शर्टात असूनसुद्धा वाकलो होतो.

पुढच्या शूटला मी दादाला म्हणालो, "एक आयडिया हाय. गड्याला स्वप्न पडतंय. स्वप्नात गडीच मालकाला मारतोय. लोक लई हसतील."

दादानं खरंच विचार केला. रागावला नाही. हनुवटीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला,

"तू मला मारायचं? लोकायला पटंल का ते?"

शिवी दिली असती तर मी विसरलो असतो. पण त्यानं शिवी दिली नाही. तो मनापासून व्ह्यूचा विचार करत होता. माझा हात त्याच्या गालावर, हे स्वप्नातसुद्धा लोकांना पटणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. सूर्य उगवतो तसं माहीत होतं.

मग तोच खुशीत आला. "त्यापरीस एक खरी स्टोरी हाय. तुझ्या बापाची."

"माझ्या बापाची?"

"तुला ठाव न्हाई? आमच्या घरात आजून हसतेत त्याच्यावर. तुझा बाप आमच्याकडं सालानं व्हता. एक दिवस बैलगाडीत रेडिओ लावून, गाणं ऐकत ऐकत गाडी हाकीत आला. आज्यानं आशी दिली, रेडिओ हिकडं आन् तुझा बाप तिकडं!" तो हसायला लागला. "तू बापाचं काम कर. मी आज्याचं करतो. लई चालंल बग."

माझा बाप सालगडी होता हे मला माहीत होतं. बाकीचं नव्हतं.

घरी आलो. बाप अंगणात तुराट्यांचा खराटा बांधत होता. त्याला डाव्या कानानं ऐकू येत नाही. तापात कान गेला, असं आम्हाला सांगितलेलं. मी उजव्या बाजूला बसलो.

"बाबा, रेडिओचं काय झालतं?"

त्याचे हात थांबले. "कोन सांगितलं?"

"दादानं."

"हसत सांगितलं का?"

मी मान डोलावली. बापानं खराटा बाजूला ठेवला. मग बोलायला लागला. खाली बघूनच.

"तवा मला रेडूची लई हौस. बाजारातून जुना घेतलता. गाडीच्या साटीला टांगला आन् आलो गाणं लावून. थोरला मालक वाटंतच उभा. म्हनला, गाडी माझी, बैल माझे, बाजूचं वावर माझं. आन् गाणं तुझं का बे? आन् दिली."

"आन् कान?"

"तवाच. त्या दिशी ताप बी आलता. ते बी खोटं न्हाई."

उजव्या हातानं मारणाऱ्याची थप्पड डाव्या कानाशीच बसते. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"आमाला कावून न्हाई सांगितलं?"

"तुमाला त्येंच्याच दारात कामाला जायचं व्हतं. डोळ्यात राग घिऊन गेल्यावर कोन काम देतंय?"

माय चुलीपुढून उठून दारात येऊन उभी राहिली होती. बापानं पुन्हा दोरी हातात घेतली. "मंग आता त्येचा शिनेमा करायलेत?"

"व्हय. तुमचं काम मी करायचंय."

"त्यात मी काय करतो? मार खाल्ल्यावर?"

दादानं सांगितलं होतं: हात जोडायचे, "व्हय मालक" म्हणायचं, रेडिओ मालकाच्या पायाशी ठेवायचा. मला ते बापाला सांगता येईना. मी उलट विचारलं, "खरं काय केलतं तुमी?"

"काय करनार? रेडू उचलला. चालू हाय का बगितलं. चालू व्हता. बैलाचा कासरा तिथंच सोडला आन् आलो निघून. त्या साली कोयता घेतला, उसाला गेलो. त्या घरी परत सालानं राहिलो न्हाई."

त्यानं खराट्याची गाठ आवळली. जाऊ नको, असं तो मला म्हणाला नाही.

शूटच्या दिवशी मी गेलो. नाही म्हणून सांगायला गेलतो, असं म्हणता आलं असतं. पण खरं म्हणजे काहीच ठरलं नव्हतं. हजेरी होती, घर होतं, फोनचा हप्ता होता. तिथं सगळं तयार. बैलगाडी, कुठूनतरी आणलेला जुना रेडिओ. दादानं फेटा बांधलेला, पांढरी मिशी चिकटवलेली. निम्मं गाव बघायला जमलेलं. अजहरनं कॅमेरा लावला. मी बंडी घातली. गाडी हाकत आलो.

दादा आडवा आला. वाक्य बरोबर म्हणाला. "गाडी माझी, बैल माझे, बाजूचं वावर माझं. आन् गाणं तुझं का बे?" त्याच्या घरात ते वाक्य शब्दाला शब्द जपून ठेवलेलं होतं.

हात आला.

मी मनगट धरलं.

दादाला वाटलं मला काहीतरी नवीन सुचलंय. "भारी हाय, चालू ठिव," तो दातातल्या दातात म्हणाला. मी धरूनच ठेवलं. तो जोर लावायला लागला. मिशीचं एक टोक सुटून लोंबायला लागलं.

"हात खाली घे."

घे म्हणालो. घ्या नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

"काय म्हनलास?"

"हात खाली घे. माझ्या बापानं हात जोडले न्हाईत त्या दिवशी. रेडिओ उचलला आन् निघून गेला. ते तुमच्या घरात कुनी सांगत न्हाई. त्येचा कान गेलाय. आजून ऐकू येत न्हाई त्येला. आता हास."

अजहरनं हळूच विचारलं, "कट म्हणू का?"

दादानं मनगट सोडवून घेतलं. तोंड लाल झालेलं. "माझ्यामुळं लोक वळखतेत बे तुला. माझ्यामुळं! भिकारी व्हतास."

"मला कोन वळखतंय? गबाळ्याला वळखतेत. त्यो ठिव तुझ्याकडंच."

बंडी काढून गाडीवर टाकली आणि उघड्या अंगानं गावातून घरी आलो. पाठीवर सगळ्यांचे डोळे. वाटत होतं आत्ता मागून दगड येईल. आला नाही.

दगड दुसऱ्या वाटेनं आले. मायला गावात कुणी कामाला सांगेना. किराणा दुकानदार मला बघून फोनवर बोलत बसायचा. दादाला दुसरा गबाळ्या मिळाला, शेजारच्या गावचा. चॅनल चालूच आहे. थप्पडही चालू आहे.

मी पुन्हा बीडच्या दुकानात जायला लागलो आणि माझं स्वतःचं चॅनल काढलं. पहिला व्हिडिओ बापाचा. तो बाजेवर बसला, मी फोन समोर लावला.

"नाव सांगू का?" त्यानं विचारलं.

"सांगा. तुमचं, वस्तीचं, सगळं."

त्यानं रेडिओची गोष्ट सांगितली. त्याच्या पद्धतीनं, मधेमधे थांबत. थप्पड दाखवली नाही. रेडिओ उचलून आपण चालायला लागलो, असं तो सांगतो, तिथं व्हिडिओ संपतो. खाली आमची जात काढणाऱ्या कमेंटी आल्या. आईवरून आल्या. मी एकही पुसली नाही. ज्यानं लिहिलं त्याच्या नावासकट राहू दे.

पुढं हसवायचे व्हिडिओही टाकले. बँकेतला साहेब, लग्नातला फोटोग्राफर, मी स्वतः. पैसे यायला लागलेत. पोट भरण्याइतके नाहीत.

मागच्या आठवड्यात दादाचा चुलता चार माणसं घेऊन वस्तीत आला. खाटेवर बसला नाही, पाणी घेतलं नाही. उभ्यानंच म्हणाला, "तुझ्या बापाचा त्यो व्हिडिओ काढून टाक. माझ्या मेलेल्या बापाचं नाव खराब करायलास. गावात राहायचंय ना तुला?"

बाप दारात उभा होता. माय त्याच्या मागं. त्यांच्यातला एक जण फोनवर आमचं घर शूट करत होता. मुद्दाम, मला दिसेल असं.

"राहायचंय काका," मी म्हणालो. "व्हिडिओ बी राहील."

"बग. मागून रडू नको."

ते गेले. परत येतील. आले तर कुणाकडं जायचं, कुठला कायदा, कुठलं कलम, हे मी आता वाचून ठेवलंय. फोन चार्ज करून ठेवलाय.

लोकांना हसवणं हे माझं काम आहे. मला ते येतं. त्यावरच मी पोट भरणार आहे, वेळ लागला तरी. पण माझ्या व्हिडिओत कुणी कुणापुढं वाकणार नाही. प्रत्येक व्हिडिओत आधी माझं नाव येईल, माझ्याच तोंडून. आणि राहणार इथंच, या गावात.

कुणाला विचारून नाही.