दाजींच्या हातातल्या दोन बांगड्या

सर्वांनी कृपया शांतता राखावी. एक थोर संशोधक ऑपरेशन थिएटरबाहेर बांगड्यांशी खेळत आहेत, याची मी अत्यंत गांभीर्याने नोंद करत आहे.

संशोधक म्हणजे आमचे दाजी. तुटलेल्या शिरा जोडणारी इवल्याशा कड्यांची जोडी ही त्यांची करामत. "सुईदोरा सोडा, कडी लावा," असं वीस वर्षं ते सर्जन मंडळींच्या मागे लागले होते. आज त्यांच्याच वर्कशॉपमध्ये पत्रा कापताना ताईचा अंगठा तुटला. ताई आत टेबलावर, आम्ही बाहेर बाकावर.

दाजी ताईच्या काढून ठेवलेल्या दोन बांगड्या काठाला काठ लावून दाबत होते. पुन्हा सोडवत, पुन्हा दाबत. त्यांची कडी नेमकी अशीच बसतात. शिरेचं एकेक टोक एकेका कड्यातून ओढून काठावर उलटवायचं, मग दोन्ही कडी एकमेकांवर दाबायची.

"दाजी, माल तुमचाच, मग भीती कसली?"

"गप्प बस रे!"

मी आचारी माणूस. लग्नात दोनशे पानांवर मी माझी बासुंदी बिनधास्त वाढतो, पण नातीला पहिला चमचा देताना तीच दहादा चाखली होती. आपलं माणूस समोर आलं की स्वतःचेच हात परके वाटतात. आत अंगठा जगत होता की काळा पडत होता, कोण जाणे.

दार उघडलं. सर्जन हसून म्हणाले, "आता शिरा जोडतोय. तुमचीच कडी लावतो."

दाजी ताडकन उठले आणि सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल असे ओरडले, "नको हो डॉक्टर, हिला सुईदोऱ्यानंच शिवा!"