गोजराबाईचा उतार

पैनगंगेच्या अल्याड वऱ्हाड, पल्याड मोगलाई, आणि मधल्या पाण्यावर गोजराबाई भोईणीचा डोंगा. नवरा गेला तेव्हा भोयांच्या जाणत्यांनी तिला सांगून पाहिलं, की बाईमाणसानं डोंगा हाकणं बरं दिसत नाही. "मंग पाहू नका," गोजराबाई म्हणाली आणि बांबू घेऊन पाण्यात उतरली.

भोयांची जुनी चाल होती. डोंग्यात बसला त्याला कोण म्हणून विचारायचं नाही, आणि बसलेले सगळे एकाच जागी उतरवायचे. सुगीत गावातल्या आणि शेजारच्या बंजारा तांड्यावरच्या प्रत्येक खळ्यातून भोयाला सूपभर ज्वारी मिळे. ज्याची ज्वारी खाल्ली त्याला वेगळं कसं उतरवायचं?

ही उतरायची जागा, गोजराबाईचा उतार, म्हणजे पिंपळाखालचा नुसता चिखल. बाया लुगडं खोचून उतरत, आणि कोणी घसरलं की सगळा डोंगा हसे. म्हणून गावानं आणि तांड्यानं मिळून जिल्हा बोर्डाकडे मागणी केली, की इथं सामाईक दगडी घाट बांधून द्या. बोर्डानं मनावर घेतलं, तसे दौलतराव पाटील जागे झाले. घाट व्हावा, पण महादेवाच्या देवळाखाली, आपल्या वावराला लागून, असं त्यांनी वर कळवलं. मग कोणती जागा धरायची हे पाहायला वाशीमहून ओव्हरसीर आले.

साहेबांना दोन्ही जागा पाण्यावरून पाहायच्या होत्या. पिंपळाखालून पाटील आणि साहेब डोंग्यात चढले आणि मानाची जागा म्हणून दोघंही मागेच बसले. डोंग्याचं तोंड वर उचललं गेलं.

"पाटील, पुढं वजन पायजे. नाईतर साहेबाले पैनगंगा पाजावी लागन."

काठावर तांड्याचा सोमला डिंकाचं गाठोडं घेऊन उभा होता. बाजाराची वाट देवळाकडून जवळ पडे.

"ये रे सोमला, बस पुढं."

पाटलांनी तोंड वाकडं केलं. पण त्यांना पोहता येत नव्हतं, म्हणून बोलले काही नाहीत.

काठाकाठानं जात डोंगा देवळाखाली टेकला. साहेबांनी छडीनं खडक ठोकून पाहिला आणि मान हलवली.

"अशी जागा दुसरी नाही, साहेब," पाटील म्हणाले. "समद्या लोकायची सोय."

सोमला गाठोडं खांद्यावर टाकून उठला.

"तू कुठी? बस खाली. देवळापुढं तांड्याचं काय काम?"

आपण काय बोललो हे पाटलांच्या ध्यानातही आलं नाही. जन्मभर ते हेच बोलत आले होते. त्यांनी उतरायला एक पाय उचलला, तोच गोजराबाईनं खडकाला बांबू लावला आणि डोंगा मागे रेटला. पाटलांचा पाय हवेतच राहिला.

"गोजरे, डोकं फिरलं काय तुहं? साहेब हायेत संगं."

"हायेत न. पन सोमला उतरत नाई, तर कोनीच उतरत नाई. माह्या डोंग्यातले समदे एकाच जागी उतरतेत."

"माह्या खळ्यावरची ज्वारी बंद होईन."

"तशीबी किडकीच येते तुमची, पाटील."

साहेबांनी हसू गिळलं. मग समजुतीनं म्हणाले, "बाई, घाट सरकारी राहील. तिथं सगळ्यांना उतरता येईल, मी तसं लिहीनच."

"कागदावर समदेच उतरतीन, साहेब. दगडावर कोन उतरते, थे तुमी आत्ता डोयानं पाह्यलं."

गोजराबाईनं तिघांनाही पिंपळाखालच्या चिखलात उतरवलं. साहेबांचा एक बूट तिथंच रुतला, तो सोमलानं उपसून दिला.

तरी मंजुरी देवळाच्या जागेलाच आली. खडक पक्का, खर्च कमी, असं कारण निघालं.

"आता कसं वो, माय?" सोमलानं विचारलं.

"कसं म्हंजे? घाट पाटलाचा झाला. डोंगा माहा हाय."

घाट बांधून झाला. पाटलांनी नारळ फोडला, हार घेऊन डोंग्याची वाट पाहिली. गोजराबाई माणसांनी भरलेला डोंगा घेऊन समोरून गेली, मानही वळवली नाही. पाटलांनी मोगलाईतून दुसरा डोंगेवाला आणला. गावातले काही तिकडून जाऊ लागले. जाणारच, पाय कोरडे राहत होते. पण सुगीत तांड्यानं आणि अर्ध्या गावानं त्या डोंगेवाल्याला सूप दाखवलं नाही, आणि एकट्या पाटलाच्या ज्वारीवर त्याचं पोट भरेना. तो निघून गेला.

पुढच्या भादव्यात पाटलांची पल्याड दिलेली लेक आजारी पडली. पाटील मुकाट्यानं पिंपळाखाली आले. "बसा," एवढंच गोजराबाई म्हणाली आणि त्यांना पार नेलं.

परतताना डोंग्यात तांड्याची हिरीबाईही होती. देवळाचा घाट समोर दिसू लागला, पायऱ्या धुतल्यासारख्या स्वच्छ. पाटलांनी धोतर सावरलं.

"गोजराबाई, आज तिकडंच लाव न. गुडघे लय दुखून राह्यले."

आजवर त्यांनी तिला बाई म्हटलं नव्हतं. गोजराबाईनं बांबू थांबवला.

"लावतो. हिरीबाई उतरन काय तिथं?"

हिरीबाईनं पाटलांकडे पाहिलं. पाटील पाण्याकडे पाहत राहिले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मग गोजराबाईनं बांबू पाण्यात रोवला आणि डोंग्याचं तोंड पिंपळाकडे वळवलं.

"खोचा मंग धोतर."