राजमार्ग, मुक्काम बहादरपूर

केळीवाल्यांच्या टोळक्यात बसलं की किस्से घडासारखे लागतात. एक तोडायला जावं तर अख्खी फणी हातात येते. पण आमच्या बहादरपुरात एका शब्दाने दिले तेवढे किस्से कुणा माणसानेही दिले नसतील. शब्द होता राजमार्ग.

तोवर आमच्याकडे नुसती सडक होती. सडकेवर कापूस वाळत घालता यायचा, बैल बांधता यायचा, निवांत भांडता यायचं. संस्थानं विलीन झाली होती, नवी राज्यं जुळत होती, तेवढ्यात बुऱ्हाणपूरहून बातमी आली: राजमार्ग होणार, आणि तो दौलतभाऊच्या केळीतून जाणार. दौलतभाऊ आमच्यातला सगळ्यात हसरा गडी, आणि त्याची ती एकच बाग. त्या दिवसापासून तो हॉटेलात बशी हातात धरून बसायचा आणि चहा निवून जायचा.

*

आमच्या मास्तरांनी धीर द्यायला अर्थ सांगितला. "राजमार्ग म्हणजे राजाची स्वारी जाते तो रस्ता."

दौलतभाऊ म्हणाला, "राजे तर विलीन झाले ना बापा?"

"आता जनताच राजा."

"मंग जनतेले सांगा, जुन्याच सडकेनं ये म्हणा."

मास्तर त्या दिवशी शाळेत वेळेआधी गेले.

*

दौलतभाऊचा बांधशेजारी भिका. तो मुलाच्या सोयरिकीला धूलकोटला गेला आणि ऐटीत म्हणाला, "घर आमचं राजमार्गाले लागून हाये."

मुलीच्या बापाने पुढे केलेलं पानाचं तबक मागे घेतलं. "लागून म्हणजे? पाडून तर नाई राहिले?"

"नाई, घराच्या अलीकडूनच जाईल."

"अलीकडं काय हाये?"

"शेत," भिका म्हणाला, आणि सोयरीक तिथेच राहिली. तेव्हापासून तो घर गल्लीत आहे म्हणून सांगायचा.

*

दौलतभाऊच्या आईने, गोदामायने, तर घरात तो शब्दच बंद केला. दिवेलागणीला सापाचं नाव घेत नाहीत, लांबडं म्हणतात, तसंच. सून हळूच विचारायची, "लांबड्याचं काई समजलं का?"

दौलतभाऊ सांगायचा, "असीरगढपर्यंत आलं म्हणतात."

म्हातारी ओट्यावर पाय वर घेऊन बसायची.

*

मग एका सकाळी रस्ता आखायला सरकारी ओव्हरसियर आला. दौलतभाऊच्या केळीतून लाल चिंध्या बांधलेल्या खुंट्या ठोकल्या, हरकती परतल्यावर ऐकतो म्हणाला आणि जेवायला बुऱ्हाणपूरला गेला.

जीपची धूळ बसते न बसते तोच दौलतभाऊने सगळ्या खुंट्या उपटल्या आणि भिकाच्या बागेत ठोकल्या. भिका बघत होता. त्याने त्या पलीकडच्या सुपडूच्या कापसात रोवल्या. सुपडूने आणखी पुढे सरकवल्या. कुणी कुणाशी भांडलं नाही. दुपारभर बांधाबांधावरून नुसते ठोकल्याचे आवाज येत होते.

उन्हं कलता ओव्हरसियर परतला आणि खुंट्या शोधत निघाला. मागे अख्खं गाव. केळी संपली, कापूस संपला, उतार लागला, आणि ओव्हरसियर थांबला. खुंट्या तापीच्या पात्रात, मधोमध, ओळीने उभ्या होत्या. लाल चिंध्या पाण्यावर हलत होत्या.

मग तो वळून म्हणाला, "किसी को कोई आपत्ति?"

दौलतभाऊने हात जोडले. "नाई साहेब. आता कोणाचीच हरकत नाई."