अक्षता आणि कार्बोरेटर

जुन्या इंजिनाला नवा जन्म देणं हे देवाचं काम आहे, असं दादासाहेब त्या दिवशी म्हणाले. ते काम त्यांनी कोल्हापूरच्या इस्माईलमिस्त्रींना दिलं होतं. दादासाहेबांची शर्यतीची जुनी ब्रिटिश गाडी रविवारी धावायची होती. इंजिन पहिल्यांदा सुरू होणार म्हणून गुरुजी आले, नारळ फुटला. पाहुण्यांना दिसावीत म्हणून मिस्त्रींनी कार्बोरेटरची हवा आत ओढणारी चकाकती तोंडं मुद्दाम उघडी ठेवली होती. इंजिन गरजलं आणि दादासाहेबांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या वहिनींनी, लग्नात टाकतात तशा ओंजळभर अक्षता टाकल्या. इंजिनाने त्या आत ओढून घेतल्या.

आतून कडकड आवाज आला. मिस्त्रींनी झटकन इंजिन बंद केलं.

"अक्षताच हो त्या," वहिनी पुटपुटल्या.

"व्हय, पर गाडीला काय म्हाईत?" मिस्त्री म्हणाले.

मी त्या उघड्या तोंडांकडे बघत राहिलो. ज्याची पूजा करायची त्याला काय पचतं, हे आपण कधी विचारत नाही. देव तक्रार करत नाहीत, त्यामुळे ही सवय लागली असावी.

"मिस्त्री, रविवारचं काय?" दादासाहेबांनी विचारलं.

मिस्त्रींनी पाना उचलला.

शर्यत रविवारी ठरल्या वेळी सुरू झाली, आमच्या गाडीशिवाय.