रिकाम्या फोल्डरची राखण

आदिलाबादच्या त्या फोटो स्टुडिओत रंजीता कामाला लागली, तेव्हा लग्नाचं शूटिंग कॅमेऱ्याच्या कार्डात, पेनड्राइव्हमध्ये, नाहीतर कोणाच्या तरी खिशात लोळत असे. मालक पांडुरंगरावांच्या मागे लागून तिनं नेटवर्कवरचा सर्वर घ्यायला लावला. काळा, चार डिस्कांचा डबा. कोणाला कोणतं फोल्डर दिसावं, कोणी काय पुसू शकावं, सगळं तिनं लावून दिलं; आणि रोज संध्याकाळी त्या साऱ्याची नक्कल एका वेगळ्या डिस्कवर. एडिटिंग करणाऱ्या जीवननं एकदा चुकून एका लग्नाच्या हळदीचं अख्खं शूटिंग पुसून टाकलं, ते तिनं त्याचा चहा थंड व्हायच्या आत परत आणून दिलं. तेव्हापासून पांडुरंगराव गिऱ्हाइकांना छातीठोक सांगत, "आमच्याकडचं काईच जात नाई."

तसं पुन्हा होऊ नये म्हणून रंजीतानं एक नवं फोल्डर केलं. त्यातलं बघता येई, पुसता येत नसे. सगळी मूळ शूटिंगं तिनं तिकडे हलवली. पण बॅकअपला जुन्याच फोल्डरचा पत्ता दिलेला होता, तो बदलायचा राहून गेला. मशीन इमानेइतबारे रिकाम्या फोल्डरची नक्कल काढत राहिलं. त्यात, इकडे जे नाही ते तिकडूनही काढायचं, हा नियम तिनंच घालून दिलेला. त्यापायी आधीच्या नकलाही पुसल्या गेल्या. पडद्यावर मात्र रोज येई: बॅकअप पूर्ण. रंजीता ते वाचे, पर्स उचले आणि घरी जाई.

मे महिन्यात एका दुपारी लाइट गेली आणि परत आली ती अशा दाबानं की पंखे घरघरायला लागले. डब्यातून जळका वास आला. रंजीता घाबरली नाही. जीवनला म्हणाली, "बॅकअप हाय ना." तिनं नकलेची डिस्क जोडली, उघडली. काढून पुन्हा जोडली. जीवन तिच्या खांद्यावरून बघत होता, तो हळूच जागेवर जाऊन बसला. हैदराबादच्या दुरुस्तीवाल्यांनीही डबा आणि डिस्क दोन्ही जशीच्या तशी परत पाठवली.

पांडुरंगरावांनी शटर अर्धं ओढलं. "कोणाले सांगू नको. अल्बम तं देल्लेच हायेत आपण. व्हिडिओ मागितला तं म्हण, काम चालू हाय. लोक इसरून जातात."

"सगळेच नाई इसरत, काका."

तिच्या डोळ्यांपुढे तामसीच्या सोनाबाई होत्या. त्यांच्या मुलाच्या, चंदनच्या लग्नाचं शूटिंग स्टुडिओनंच केलं होतं. अल्बम देऊन झाला, व्हिडिओत गाणी कोणती टाकायची ते ठरायचं होतं, तेवढ्यात जैनथच्या रस्त्यावर चंदनची मोटारसायकल ट्रकखाली आली. नंतर सोनाबाई एकदाच स्टुडिओत आल्या होत्या. "राहू दे तुयापाशी," म्हणाल्या. "माया जीव घट झाला का नेईन."

रंजीता रविवारी तामसीच्या बसमध्ये बसली. सोनाबाई आणि त्यांचे यजमान केशवराव अंगणात बाजारासाठी सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होते. ती उभ्याउभ्याच बोलली. "मावशी, चंदनदादाच्या लग्नाचा व्हिडिओ गेला. चूक माई हाय."

"गेला म्हंजे? कोणी नेला?"

"पुसल्या गेला. आता तो कोठीच नाई."

सोनाबाईंनी हातातली जुडी बांधून पूर्ण केली. "त्याच्यात बोलला व्हता तो. मले म्हणे, माय, रडू नको, मी काई सासरी नाई चाललो."

"हो."

"मंग तू सांगाले काऊन आली?"

रंजीता शिव्या खायच्या तयारीनं आली होती. या प्रश्नाची तयारी नव्हती. सोनाबाईच पुढे बोलल्या.

"नसतं सांगतलं, तं माया लेखी तो तिथं असता. आज नाई, उद्या जाईन, असं म्हणत दिवस काढून राह्यली व्हती मी. तुनं तुया जिवावरचं ओझं माया अंगणात आणून टाकलं."

केशवराव उठले. "जा बाई," एवढंच म्हणाले.

बाकीच्यांना सांगावं की नाही, हे तिला त्यानंतर कळेनासं झालं. तरी तिनं एकेकाला फोन केला. काहींनी आयमाय काढली, काही स्टुडिओवर चालून आले. पांडुरंगरावांनी तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

सोनाबाईंसाठी मात्र ती चंदनच्या लग्नाला आलेल्या लोकांचे फोन धुंडाळत राहिली. डीजे, नाच, नवरीची पावलं. एकाच्या फोनमध्ये चंदन सापडला, पाठमोरा, मांडववाल्यांवर ओरडणारा: "पाण्याचा ड्रम सावलीत ठेवा ना भाऊ!"

तेवढं आपल्या फोनवर घेऊन ती पुन्हा तामसीला गेली. सोनाबाईंनी तिला बस म्हटलं नाही. फोन कानाला लावला, पडद्याकडे बघितलंच नाही. पुन्हा ऐकलं.

"आवाज बसला व्हता त्याचा," त्या म्हणाल्या. मग आपला फोन पुढे केला. "याच्यात टाकून दे. अन् आता तू येत नको जाऊ. तू दिसली का मले गेलेलंच आठवते."

त्यानंतर रंजीता तामसीला गेली नाही. आता ती एका तपासणी लॅबमध्ये कॉम्प्युटर सांभाळते. रोज सकाळी आदल्या दिवशीची नक्कल उघडून त्यातला कोणाचा तरी रिपोर्ट शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. तिथल्या लोकांना वाटतं, बाई जरा संशयी आहे.